येवल्याचा शब्द आणि शरीराची मुदत

येवल्याचे नाव घेतले की सर्वसाधारण मराठी माणसाला पैठणी आठवते. इतिहासाची आवड असणाऱ्याला तात्या टोपे आठवतात, कारण १८५७च्या त्या सेनानीचा जन्म याच गावचा. मात्र मनमाड-दौंड लोहमार्गावरचे नाशिक जिल्ह्यातील हे गाव देशाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले ते १३ ऑक्टोबर १९३५ या दिवसामुळे. त्या दिवशी येथे भरलेल्या अस्पृश्य वर्गाच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्मांतराची घोषणा केली. हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणे टाळणे आपल्या हाती आहे आणि ते आपण टाळणार, असा त्या घोषणेचा आशय होता.

या घोषणेची राजकीय, धार्मिक आणि सामाजिक चिकित्सा पुष्कळ झाली आहे. तिच्या एका अंगाकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. येवल्याच्या घोषणेला तारीख नव्हती, पण मुदत होती, आणि ती मुदत म्हणजे स्वतः बोलणाऱ्याचे आयुष्य. शब्द पाळायचा तर तो मरणापूर्वी पाळला पाहिजे, एवढेच त्यात ठरले होते. पुढची एकवीस वर्षे बाबासाहेबांच्या शरीराने ही मुदत त्यांना वारंवार आठवून दिली. मधुमेह, रक्तदाब, पायांतील मज्जातंतूंचा दाह आणि सांधेदुखी यांनी ग्रासलेल्या या माणसाने त्या काळात एका देशाची राज्यघटना उभी केली, मंत्रिपद सांभाळले आणि सोडले, आणि कोलंबो, न्यूयॉर्क, रंगून, काठमांडू असे परदेश प्रवासही केले. त्या आयुष्याकडे या बाजूने पाहणे उद्बोधक आहे.

येवल्याला आले तेव्हा बाबासाहेब चव्वेचाळीस वर्षांचे होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म, साताऱ्यातील प्राथमिक शिक्षण, मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूल व महाविद्यालय, बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, १९१६ साली लंडन, शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली परत, सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवून १९२० साली पुन्हा लंडन आणि १९२३ साली डॉक्टर ऑफ सायन्सची पदवी व बॅरिस्टरी घेऊन मायदेशी, हा क्रम आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. लंडनच्या दुसऱ्या मुक्कामात त्यांनी पोटाला किती चिमटा घेतला याच्या हकिकतीही प्रसिद्ध आहेत. दारू-तंबाखूचा स्पर्श नसलेला हा माणूस एका बाबतीत मात्र स्वतःशी अत्यंत कठोर होता. झोप ही त्याच्या लेखी उरलेल्या वेळात उरकायची गोष्ट होती. रात्र रात्र बसून वाचन-लेखन, दिवसा वकिली, अध्यापन, सभा, दौरे. त्याची किंमत तेव्हा दिसत नव्हती इतकेच.

पहिली ठळक खूण १९३२ साली दिसते. गोलमेज परिषदांच्या धकाधकीत त्या वर्षी ते पुन्हा लंडनला गेले. अस्पृश्यांच्या स्वतंत्र प्रतिनिधित्वाचा प्रश्न निर्णयाला आला होता. ते काम उरकल्यावर त्यांची प्रकृती इतकी थकली होती, की घरी परतण्यापूर्वी ते जर्मनीत ड्रेस्डेन येथील एका आरोग्यधामात उपचारासाठी राहिले. ऑगस्टमध्ये ते मुंबईस परतले, त्याच सुमारास जातीय निवाडा जाहीर झाला, आणि २४ सप्टेंबरला पुणे करारावर सह्या झाल्या. आरोग्यधामात जे काही कमावले असेल ते येरवड्याच्या त्या दिवसांत खर्ची पडले असेल, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

१९३५ हे वर्ष तर दुहेरी आघाताचे होते. २७ मे रोजी रमाबाईंचे निधन झाले. चार अपत्ये त्यांनी आधीच गमावली होती. पुस्तकांसाठी बांधलेल्या दादरच्या राजगृहात आता संसाराचा आधार उरला नव्हता. दुसरीकडे नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह, जो २ मार्च १९३० रोजी सुरू झाला होता, तो पाच वर्षे चालूनही मंदिराचा दरवाजा उघडला नव्हता. दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्या नाशिक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. येवल्याच्या परिषदेत दहा हजारांच्या आसपास लोक जमले होते. बाबासाहेबांनी दीर्घ भाषणात या साऱ्याचा हिशेब मांडला आणि मंदिरप्रवेशाच्या मार्गावर यापुढे शक्ती खर्च न करता माणूस म्हणून वागवणारा धर्म निवडण्याचा विचार पुढे ठेवला. परिषदेने मंदिर सत्याग्रह थांबवण्याचा ठरावही केला. ज्या जागी ही सभा झाली ती आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते आणि दर वर्षी १३ ऑक्टोबरला तेथे लोक जमतात.

घोषणा केली खरी, पण कोणता धर्म, हे बाबासाहेबांनी त्या दिवशी सांगितले नाही. घाईने घ्यायचा तो निर्णय नव्हताच. स्वतंत्र मजूर पक्ष, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खाते, स्वातंत्र्याच्या वाटाघाटी अशी कामे एकामागून एक येत गेली. आणि याच काळात, चाळीसच्या दशकात, मधुमेहाने व रक्तदाबाने शरीरात ठाण मांडले.

येथे थोडे विषयांतर करून त्या काळच्या वैद्यकाची स्थिती सांगितली पाहिजे, कारण आजच्या वाचकाला ती सहज कळणार नाही. मधुमेहावर इन्शुलिन होते. १९२१-२२ साली टोरांटोत त्याचा शोध लागला होता आणि बाबासाहेबही ते घेत असत. पण त्यासाठी काचेची सिरिंज उकळावी लागे, सुया पुन्हा पुन्हा वापरल्या जात, घरच्या घरी रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र नव्हते. रक्तदाबाची कथा तर याहून बिकट होती. दाब मोजण्याचे साधन १८९६ साली इटलीच्या रिव्हा-रोच्ची याने घडवले होते, १९०५ साली रशियाच्या कोरोटकॉफने स्टेथॉस्कोपने तो ऐकण्याची पद्धत सांगितली होती. म्हणजे रोग मोजता येत होता, पण बरा करता येत नव्हता. विश्रांती, मीठ बंद, झोपेची औषधे एवढीच डॉक्टरांची शस्त्रे. वाढलेला दाब ही शरीराची गरज आहे, तो उतरवू नये, असे मानणारे नामांकित डॉक्टरही होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट हे याचे जगप्रसिद्ध उदाहरण. दाब धोक्याच्या पातळीवर असताना ते फेब्रुवारी १९४५ मध्ये हजारो मैलांचा प्रवास करून याल्टाला गेले, आणि १२ एप्रिलला मेंदूतील रक्तस्रावाने कोसळले. त्या दिवशी त्यांच्या दाबाचा वरचा आकडा ३००च्या घरात होता. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाला जे औषध मिळू शकले नाही, ते मुंबई-दिल्लीतील रुग्णाला कोठून मिळणार?

आश्चर्य असे की उत्तराचा एक धागा मुंबईतच सापडला. आपल्याकडील वैद्य पिढ्यान्‌पिढ्या सर्पगंधेची मुळी वापरत आले होते. १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाबावरील परिणाम नोंदवला. पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी शेकडो रुग्णांवर ती वापरून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे पाश्चात्त्य जगाचे लक्ष वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेझर्पिन वेगळे काढण्यात आले. रक्तदाबाच्या आधुनिक औषधोपचाराच्या अगदी आरंभीचे हे पान आपल्या शहरात लिहिले गेले, याची मुंबईकरांना फारशी कल्पना नसते.

बाबासाहेबांच्या प्रकृतीकडे परत वळू. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि त्याच सुमारास त्यांच्या पायांतील वेदना असह्य झाल्या. दीर्घकाळच्या मधुमेहात वाढलेली साखर मज्जातंतूंना इजा करते, पाय जळतात, ठणकतात, आणि हा त्रास रात्री वाढतो. झोप नाही, म्हणून दाब वाढतो, दाब वाढला म्हणून हृदय-मूत्रपिंडांवर ताण, असे हे चक्र असते. अशा रात्रींमधून २१ फेब्रुवारी १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेच्या अध्यक्षांकडे सादर झाला. समितीच्या सात सदस्यांपैकी कोणी राजीनामा दिलेला, कोणी निवर्तलेले, कोणी परदेशी, कोणी अन्य कामात, त्यामुळे मुख्य भार एकट्या आंबेडकरांवर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सभागृहातच सांगितले. पुढे समारोपाच्या वेळी राजेंद्रप्रसादांनीही त्यांच्या नादुरुस्त प्रकृतीचा आवर्जून उल्लेख केला.

मसुदा सादर झाल्यावर दोन महिन्यांच्या आत, १५ एप्रिल १९४८ रोजी, दिल्लीत बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. कबीर कुटुंब मूळचे राजापूरकडचे. शारदाबाई ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एम. बी. बी. एस. आणि मुंबईत डॉ. मालवणकर यांच्याबरोबर काम करणाऱ्या. बाबासाहेब उपचारासाठी मालवणकरांकडे येत, तेथे हा परिचय वाढला. कोणी तरी सतत लक्ष ठेवल्याशिवाय प्रकृती सावरणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते, आणि परक्या स्त्रीला परिचारिका म्हणून घरात ठेवण्यापेक्षा विवाह करणे योग्य, असे बाबासाहेबांनी सहकाऱ्यांना कळवले. ब्राह्मण स्त्रीशी झालेला हा विवाह अनेक अनुयायांना रुचला नाही. पण त्यांच्या रोजच्या इन्शुलिनचे, पथ्याचे, पायांच्या शेकाचे वेळापत्रक या विवाहाने प्रथमच कोणाच्या तरी हाती आले, ही वस्तुस्थिती आहे. सविता आंबेडकर, म्हणजे माईसाहेब, यांनी उत्तरायुष्यात लिहिलेले आत्मकथन या दिनक्रमाचा महत्त्वाचा दस्तऐवज आहे. बाबासाहेबांच्या मृत्यूनंतर त्यांच्या वाट्याला संशय आणि एकाकीपण आले. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला तरी तो संशय लोकांच्या मनातून जायला फार वर्षे लागली. प्रस्तुत लेखकाच्या मते हा त्यांच्यावर झालेला अन्यायच होता.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली गेली. पुढच्याच वर्षी, मे १९५० मध्ये, बाबासाहेब पत्नीसह श्रीलंकेत कँडी येथे जागतिक बौद्ध बंधुत्व परिषदेसाठी गेले. येवल्याच्या शब्दाची दिशा आता उघड होऊ लागली होती. १९५१च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून हिंदू संहिता विधेयक लवकर घेण्याची विनंती केली. कारण प्रकृतीचे होते. डॉक्टर दीर्घ उपचारांचा आग्रह धरत होते आणि विधेयक मार्गी लागल्याशिवाय ते उपचाराला जाऊ इच्छित नव्हते. विधेयक रखडले, सप्टेंबरात त्यांनी राजीनामा दिला. उपचार पुढे ढकलून केलेला हा त्याग कामी आला नाही, हे त्या प्रकरणातील एक कटू सत्य.

१९५२च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत पराभव झाला. त्याच वर्षी ते राज्यसभेत गेले आणि ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. जेथे बावीस वर्षांच्या वयात ते पहिल्यांदा मोकळा श्वास घेऊ शकले, तेथे एकसष्टाव्या वर्षी ते परत गेले, ते आजार अंगावर घेऊन. तेव्हाची विमाने पंख्यांची, वाटेत अनेक थांबे घेणारी. भारत आणि न्यूयॉर्क यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर. जेवण केव्हा, इन्शुलिन केव्हा, झोप केव्हा, याचा सारा हिशेब अशा प्रवासात उलटापालटा होतो.

हा हिशेब आज आपल्यापैकी हजारोंना करावा लागतो. मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठी निघालेल्या आईवडिलांच्या सामानात लोणच्याच्या बरणीची जितकी काळजी घेतली जाते, तितकी रक्तदाबाच्या गोळ्यांची घेतली जात नाही, हे पाहण्यात येते. गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नयेत, जवळच्या बॅगेत, मूळ वेष्टनात ठेवाव्यात, कारण बॅग हरवली वा दोन दिवस उशिरा आली तर गोळ्यांवाचून अडायला नको. इन्शुलिन तर विमानाच्या पोटातील सामानात गोठण्याची भीती असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीत केवळ कंपनीने दिलेले नाव नसावे, औषधाचे मूळ नाव आणि मात्रा लिहून घ्यावी, कारण आपल्याकडचे ब्रँड बाहेर मिळत नाहीत आणि तेच नाव तिकडे वेगळ्याच औषधाचे असू शकते. दोन-तीन औषधे एकत्र केलेल्या ज्या गोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात, त्या परदेशी दुकानात त्याच स्वरूपात मिळतीलच असे नाही. किती महिन्यांची औषधे बरोबर नेता येतात याचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे आहेत, ते आधी विचारून घ्यावेत. दिवसातून एकदा घ्यायच्या गोळीची वेळ घड्याळ बदलल्यावर कशी सरकवायची, हेही निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. चुकली म्हणून दोन गोळ्या एकदम घेणे, किंवा बरे वाटते म्हणून परस्पर बंद करणे, दोन्ही धोक्याचे. काही औषधे एकदम थांबवली तर दाब उसळून वर जातो. सर्दीवरची नाक मोकळे करणारी आणि अंगदुखीवरची नेहमीची औषधेही दाब वाढवतात, ती परदेशी दुकानातून सहज मिळतात म्हणून घेऊ नयेत. प्रवास विमा काढताना रक्तदाबाची माहिती दडवणारे पुढे रुग्णालयाच्या बिलापाशी अडचणीत येतात.

बाबासाहेबांच्या वेळी यातील बहुतेक प्रश्नच नव्हते, कारण नियमित घ्यावी अशी प्रभावी गोळीच नव्हती. तरीही प्रवास थांबले नाहीत. १९५४ साली ते दोनदा ब्रह्मदेशात गेले. त्याच वर्षी भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढवली आणि गमावली. डिसेंबरात रंगूनच्या तिसऱ्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतल्यावर २५ तारखेला देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. दिल्लीतील २६, अलीपूर रोड या घरात बुद्ध आणि त्याच्या धम्मावरील ग्रंथाचे काम चालू होते. दृष्टी मंदावली होती, काठीवाचून चालणे अवघड झाले होते, जिना चढताना आधार लागे.

अखेर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे, येवल्यानंतर एकवीस वर्षे आणि एक दिवसाने, त्यांनी कुशिनाराचे भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून पत्नीसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि नंतर लाखो अनुयायांना स्वतः दिली. येवल्यातील चव्वेचाळीस वर्षांचा वक्ता आणि नागपुरातील काठी टेकत उभा राहिलेला पासष्ट वर्षांचा दीक्षार्थी यांची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहावीत. दोन दिवसांनी चंद्रपुरातही दीक्षा समारंभ झाला.

कोणीही डॉक्टर यानंतर पूर्ण विश्रांती सांगेल. एका महिन्याच्या आत बाबासाहेब काठमांडूस निघाले. समुद्रसपाटीपासून सुमारे चौदाशे मीटर उंचीवरचे हे थंड शहर, नोव्हेंबरचा महिना. राजे महेंद्र यांनी चौथ्या जागतिक बौद्ध परिषदेचे उद्घाटन केले. २० नोव्हेंबरला बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करणारे प्रसिद्ध भाषण केले. डॉक्टर पत्नी बरोबर होती. लुंबिनी, बोधगया, वाराणसी, सारनाथ, कुशिनारा असा प्रवास करून ३० तारखेला ते दिल्लीला परतले. बुद्धाच्या जन्मापासून महापरिनिर्वाणापर्यंतची स्थळे त्या फेरीत पाहून झाली. प्रकृतीच्या हिशेबाने हा प्रवास करायला नको होता, असे आज कोणी म्हणेल. परंतु ज्या धम्मात लाखो लोकांना आणले, त्याच्या जागतिक सभेत नुकताच दीक्षा घेतलेला उपासक म्हणून उभे राहणे त्यांना दिल्लीतील विश्रांतीपेक्षा अधिक निकडीचे वाटले असावे.

४ डिसेंबरला ते राज्यसभेत गेले. ५ तारखेच्या रात्री ग्रंथाच्या प्रस्तावनेची टंकलिखित पाने आणि नियोजित रिपब्लिकन पक्षासंबंधी आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे त्यांचे लेखनिक नानकचंद रत्तू यांनी त्यांच्या टेबलावर आणून ठेवली. ६ डिसेंबर १९५६च्या सकाळी ते झोपेतच निवर्तल्याचे आढळले. नागपूरच्या दीक्षेला अवघे त्रेपन्न दिवस झाले होते. १६ डिसेंबरला मुंबईत दीक्षेचा मोठा समारंभ ठरलेला होता.

पार्थिव त्याच रात्री विमानाने मुंबईला आणण्यात आले. ७ तारखेला राजगृहावरून निघालेली अंत्ययात्रा दादरच्या चौपाटीवर पोहोचली. तेथेच, चितेच्या साक्षीने, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून तेथे जमलेल्या प्रचंड समुदायाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ठरलेल्या दिवसाच्या नऊ दिवस आधीच.